सिमेंटच्या वरचा मणका

झाशी, २ मार्च २०२५

चि. इरा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, असं रत्नाकरमामा म्हणतो. तरी लिहितो. माझा फोन तू उचलत नाहीस, आईच्या फोनवर माझा आवाज आला की बंद करतेस. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून शब्द सुटे सुटे काढले आहेत.

रविवारच्या फोनवर आई तुला कंबर लचकली म्हणून सांगत होती. लचकली नव्हती. जानेवारीच्या शेवटी तिने गव्हाचा डबा उचलून ओट्यावर ठेवला आणि तिथेच खाली बसली. मला दुकानातून बोलावलं. मी मलम चोळलं, शेक दिला, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. पंधरा दिवस असेच काढले. कूस बदलताना ती ओरडायची, मग उशीचा कोपरा दातात धरायला लागली. शेवटी तुझ्या मामाने माझं ऐकलं नाही. गाडी आणली आणि सिविल लाइंसमधल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. कमरेचा पहिला मणका पिचला होता. एमआरआयच्या फिल्मवर वरचे-खालचे मणके चौकोनी आणि तो एकटा पाचरीसारखा.

२२ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. ऑपरेशन म्हणजे काय, तिला पालथं झोपवून पाठीतून जाड सुई मणक्यात घालतात आणि आत हाडाचं सिमेंट भरतात. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होतं. सकाळी नेली, संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेली. परत येऊन म्हणाली, "अहो, दुखत नाही." महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

डॉक्टर चैतन्य म्हणून आहेत, पस्तिशीचे. आपल्यातलेच. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, पण घरातलं मराठी आजीबरोबर गेलं. मला म्हणाले, "काका, मी समजतो सगळं, बोलताना लडखडतो." माणूस कसून विचारतो. वय काय, पाळी कधी गेली, आईच्या आईचं हाड मोडलं होतं का, आधी कधी पडल्या का, वजन किती, ऊन किती मिळतं, कुठली औषधं चालू आहेत. सिमेंट भरलेला मणका दगडासारखा होतो, म्हणाले, आणि शेजारचे तसेच कमजोर राहतात. पहिले काही महिने त्यांनाच जपायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबरपट्टा बांधायचा. हाडाची घनता मोजली, ती फार कमी आली. वर्षातून एकदा द्यायचं एक इंजेक्शन त्यांनी लिहून दिलं आहे. ते आम्ही पुढे बघू. त्याने ताप येतो म्हणतात.

मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

तू पहिलं काय विचारशील ते मला ठाऊक आहे. ते बंद आहे. तुला सांगितलं होतं तेव्हापासून बंद आहे.

आईला हे पत्र लिहिल्याचं सांगितलेलं नाही.

बाबा

&nbsp;

झाशी, २१ एप्रिल २०२५

चि. इरा,

तुझं उत्तर आलं नाही, पण आई म्हणाली की तू या रविवारी तिला "पट्टा बांधतेस ना?" असं विचारलंस. म्हणजे वाचलंस.

बातमी चांगली नाही. दुसरा मणका गेला. सिमेंट भरलेल्याच्या लगेच वरचा.

तिने काहीही उचललं नव्हतं. पट्टा बांधलेला होता. खुर्चीत बसून कोथिंबीर निवडत होती, खोकला आला, दोनदा खोकली आणि हातातली जुडी सुटली. मी समोरच होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, पुन्हा तसंच झालं." ओरडलीसुद्धा नाही. पहिल्या खेपेला तिला काय होतंय ते कळत नव्हतं, या खेपेला कळत होतं.

डॉक्टर चैतन्यांनी फिल्म दिव्यावर लावली. मग पेनाने दाखवलं. ऑपरेशनच्या वेळी थोडंसं सिमेंट मणक्याच्या बाहेर, वरच्या गादीत उतरलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. असं होतं कधीकधी, म्हणाले, बऱ्याचदा त्याचा त्रास होत नाही, पण तिथून वरच्या मणक्यावर दाब पडू शकतो. मग स्वतःशीच बोलल्यासारखं हिंदीत म्हणाले, "लेकिन आठ हफ्ते में, सिर्फ खाँसी से?" माझ्याकडे वळून विचारलं, "काका, और कुछ? काही औषध, काही जुनी बीमारी? सांध्यांसाठी कधी काही घेतलं? मला सांगा, लहान गोष्ट असली तरी."

मी म्हटलं, "कॅल्शियम. बस."

पुन्हा सिमेंट भरायला ते तयार नाहीत. हाड इतकं पोकळ आहे की एक भरलं तर त्याच्या वरचं जाईल, असं त्यांना वाटतं. विश्रांती, पट्टा आणि ते इंजेक्शन. इंजेक्शनच्या आधी रक्ताच्या तपासण्या आणि पूर्ण हिस्ट्री पुन्हा घ्यायची, म्हणाले. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो.

मामा बाहेर उभा होता. "सिमेंट बाहेर गेलं" एवढंच त्याने ऐकलं. रेल्वेत तीस वर्षं हेडक्लार्क होता, कागद लिहायला त्याला सांगावं लागत नाही. म्हणाला, "भाऊजी, ह्या पोराने माझ्या बहिणीची पाठ बिघडवली. मी सोडणार नाही."

घरी आल्यावर मी तुझ्या आईची उंची दाराच्या चौकटीशी मोजली, दीड इंच कमी भरली.

तिला पेज आवडत नाही, पण तेवढंच खाते. तुझ्या रविवारच्या फोनची वाट शुक्रवारपासून बघते.

बाबा

&nbsp;

झाशी, ९ मे २०२५

इरा,

मामाने तक्रार दिली. हॉस्पिटलने बाहेरचे दोन डॉक्टर नेमलेत. ते १६ तारखेला आईला तपासणार, सगळं रक्त नव्याने काढणार, घरातली सगळी औषधं घेऊन या म्हणून सांगितलं आहे. तोवर डॉक्टर चैतन्यांनी सिमेंटची ऑपरेशनं करू नयेत असं ठरलंय.

परवा ते आपल्या घरी आले होते. एकटे, स्कूटरवर. मामा नव्हता. आईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "काकू, माझ्या हातून काही चूक झाली असेल तर मला माफ करा. मी पुन्हा पुन्हा ती फिल्म पाहतो. मला समजत नाही." आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "नाही रे बाळा, माझंच हाड तसलं." ते चष्मा काढून पुसत राहिले. मी चहा करून आणला. ते उठून निघाले तेव्हा फाटकापर्यंत गेलो. तिथे बोलता आलं असतं. मी त्यांना बिजौलीच्या रस्त्यावर ट्रक उभे असतात, जपून जा, एवढंच म्हणालो.

पहिल्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. कुठलं ते तू तेव्हाच ओळखलं असशील.

बंद नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तू दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ती डबी माझ्यापुढे धरलीस, "बाबा, ये प्रेडनिसोलोन है, स्टेरॉइड, हड्डी खोखली करता है, आप आई को बिना डॉक्टर के रोज़ दे रहे हो," म्हणालीस. मी तुला काय बोललो ते मला आठवतं. दुकान माझं आहे, तुझी फार्मसीची डिग्री तुझ्या भिंतीवर टांग. तुझ्या समाधानासाठी देवावर हात ठेवून बंद करतो म्हणालो. तू म्हणालीस, बंद करायचीही एक पद्धत असते, आईला डॉक्टरकडे न्या, तोवर माझ्याशी बोलू नका. ते मी केलं नाही. चाळीस वर्षं काउंटरवर काढलेला माणूस डॉक्टरसमोर बसून काय सांगणार होता? आठवडाभर गोळी दिली नाही. आई सकाळी उठली तर बोटं मिटेनात, केसांत फणी धरता येईना. पायऱ्या उतरताना रडली. आठव्या दिवशी पुन्हा दिली. तिला सांगितलं, इरा म्हणाली म्हणून बदलली, ही दुसरी. गोळी तीच होती.

तू तिला सगळं सांगितलं होतंस, मला माहीत आहे. तिने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. "बाबा देतील ते बरोबरच असेल," हे तिने तुला म्हटलं ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं, आणि खरं सांगू, मला बरं वाटलं होतं.

आता मात्र खरोखर बंद केलं आहे. सोळा तारखेला डबीत काही सापडायला नको. एप्रिलच्या शेवटी आठवडाभर अर्धी दिली आणि पाच तारखेपासून पूर्ण बंद. आज पाचवा दिवस. तिला फार थकवा आहे, काल दोनदा उलटी झाली, आज जुलाब. इथे ऊन फार आहे, त्रेचाळीसच्या वर गेलंय. लू लागली असेल. साखर-मिठाचं पाणी देतो आहे.

हे वाचून फाडून टाक.

बाबा

&nbsp;

झाशी, २६ मे २०२५

इरा,

तू आठ दिवस इथे होतीस आणि माझ्याशी तीन वाक्यं बोललीस. "किती मिलिग्रॅम?" "सकाळी की संध्याकाळी?" "गाडी आली का?" मी तक्रार करत नाही. पण त्या दिवशी तू भोपाळहून निघून इथे पोचेपर्यंत काय झालं, ते तुला मामाने त्याच्या बाजूने सांगितलं आहे. माझ्या बाजूचं थोडं राहिलंय, आणि तोंडावर सांगायला जमलं नाही.

तेरा तारखेला साडेअकराला दुकानात फोन वाजला. तुझं नाव दिसलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला क्षणभर आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. तू हॅलोसुद्धा म्हटलं नाहीस. "बाबा, तुमचं पत्र आत्ता मिळालं. आई कुठे आहे? शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलंय, सात साल से आप बाहर से दे रहे हो, एकदम बंद केलंत तर ती मरेल. जा. आत्ता जा. और डॉक्टर को बता देना. सब।"

मी शटर उघडंच टाकून गेलो. आई स्वयंपाकघर आणि पलंगाच्या मधे जमिनीवर होती. ओठ पांढरे, अंग गार, त्या उन्हात गार. हाक मारली तर डोळे उघडले, पण मी कोण ते तिला कळलं नाही. पडताना आणखी एक मणका गेला होता, ते नंतर समजलं. शेजारच्यांच्या गाडीत घातली. मामा वाटेत चौकात चढला.

इमर्जन्सीत एक मुलगी ड्यूटीवर होती, डॉक्टर शिवांगी. ब्लड प्रेशर लागेना. तिने सलाईन लावत विचारलं, "अंकल जी, कोई दवा चल रही थी? स्टेरॉइड वगैरह?"

इरा, तुझा फोन येऊन पाऊण तास झाला होता. तू मला सगळं सांगून ठेवलं होतंस. माझ्या शेजारी रत्नाकर उभा होता, ज्याने माझ्या भरवशावर एका निरपराध माणसाविरुद्ध कागद लिहिला होता. मी म्हणालो, "कैल्शियम चल रहा था।"

हे कुणालाच माहीत नाही. मामाला वाटतं मी गोंधळलो होतो. मी गोंधळलो नव्हतो. मला शब्द नीट ऐकू आला होता.

तिने दुसरी सलाईन जोडली. आईचा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता, तो कुणी वर ठेवत नव्हतं. दहा मिनिटं झाली असतील. मॉनिटरवरचा आकडा आणखी खाली गेला. मग जिन्यावरून डॉक्टर चैतन्य धावत आले. त्यांना आईला तपासायची परवानगी नव्हती बहुधा, कुणीतरी वर सांगितलं असेल. त्यांनी आईची पापणी उघडून पाहिली, दंडावरचे, स्टेरॉइडने येतात ते जांभळे डाग पाहिले, सुजून गोल झालेला चेहरा पाहिला. मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "काका. तिसऱ्यांदा विचारतो."

मी म्हणालो, "प्रेडनिसोलोन. दहा मिलिग्रॅम, रोज, सात वर्षं. आठ दिवसांपूर्वी बंद केलं. मी देत होतो. तिला माहीत नव्हतं."

ते लगेच वळले आणि शिवांगीला म्हणाले, "हाइड्रोकॉर्टिसोन, सौ, अभी।" मला काही बोलायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. रत्नाकरकडे मात्र होता. त्याने हात उचलला नाही. माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला, एवढंच. मी त्याच्या घरात बत्तीस वर्षं जावई आहे.

चार वाजता आईने पाणी मागितलं. तू साडेसहाला आलीस.

तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, तू किंवा डॉक्टरांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने औषधाचा छोटा कप माझ्या हातात दिला, मी तो आईच्या तोंडाशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं. रागाने नाही. माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे केली. मी कप टेबलावर ठेवून बाहेर गेलो. दाराच्या काचेतून पाहिलं, तर तिने नर्सच्या हातून तीच गोळी घेतली, पाणी प्यायली, "थैंक यू बेटा," म्हणाली.

त्यानंतर तू तिला घेऊन गेलीस तोवर तिने माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. पाठीखाली उशा घालून तिला गाडीत निजवलंत, तेव्हा ती मला म्हणाली, "गॅस बंद करून बाहेर जात जा." बत्तीस वर्षांच्या संसारातून एवढंच निघालं.

तक्रार मागे घेतल्याचा कागद मी स्वतः लिहिला. त्यात सगळं लिहिलं. सही केली, खाली दुकानाचा शिक्का मारला. डॉक्टर चैतन्यांकडे गेलो तर ते पेशंट पाहत होते. मी बाहेर दोन तास बसलो. मग आत बोलावलं. म्हणाले, "मला तुमचा राग येतो, काका. पण माझ्याकडूनही एक राहिलं. दंडावरचे डाग मी फेब्रुवारीतही पाहिले होते. मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, मी मानलं. तुम्ही औषधवाले होतात म्हणून मानलं."

नीलकंठ

&nbsp;

झाशी, ३ ऑगस्ट २०२५

चि. इरा,

तुझा मेसेज मिळाला. 'सांध्यांच्या डॉक्टरला पूरी हिस्ट्री चाहिए, साल और डोस।' आठवून लिहितो आहे, काही लपवलेलं नाही.

पहिल्यांदा २०१८ च्या मार्चमध्ये. ग्वाल्हेरच्या एका डॉक्टरांनी सकाळच्या बोटांच्या सुजेसाठी तीन आठवड्यांचा कोर्स दिला होता, रोज वीसने सुरू करून उतरवत आणायचा. तिसऱ्या दिवशी तिने पुरणपोळ्या लाटल्या. कोर्स संपल्यावर महिन्याभरात सूज परत आली. त्या डॉक्टरांनी परत बोलावलं होतं, रक्त तपासून दुसरं औषध सुरू करायचं म्हणाले होते. मी नेलं नाही. जूनपासून मी दहा मिलिग्रॅम रोज सुरू केलं. थंडीत पंधरा. २०२१ च्या डिसेंबरात सात दिवस बंद, मग पुन्हा दहा. त्याशिवाय दुखलं की डेक्साचं, म्हणजे तेही स्टेरॉइडच, इंजेक्शन, वर्षातून चार-पाच वेळा असेल. गेल्या फेब्रुवारीत ऑपरेशनच्या आधीच्या पंधरा दिवसांत दोन. दुधाच्या गोळ्या म्हणून कॅल्शियम होतं, पण नियमित नाही. तिचं वजन ४४ किलो. तिची आई शेवटची तीन वर्षं खुब्याचं हाड मोडून पडून होती, हे मी डॉक्टर चैतन्यांनाही सांगितलं नव्हतं.

हाडासाठी आता वर्षाच्या इंजेक्शनऐवजी रोजचं असतं, त्याची सुई तू स्वतः पोटात देतेस, असं मामा म्हणाला. स्टेरॉइड अजून पूर्ण उतरलेलं नाही आणि कदाचित थोडंसं कायम राहील, हेही सांगितलं. मामा आता माझ्याशी बोलतो, पण उंबऱ्याबाहेरून.

दुकानाचं लायसन्स मी जूनमध्ये परत केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, चौकशी अजून कागदातच आहे. घरी बसून होतो. जुलैच्या दहा तारखेला आईचा फोन आला. तुला माहीत असेल, नसेलही. ती गेल्यापासून पहिलाच.

"जेवता का?" तिने विचारलं.

"जेवतो."

"खोटं नका बोलू."

"एकदा जेवतो."

 मागे तुझ्याकडचा मिक्सर चालला होता. तो थांबल्यावर म्हणाली, "मला एक सांगा. मी तुमची बायको, म्हणून मला दिलीत. आणखी कितीजणींना दिलीत?"

मी म्हटलं, "मोजलं नाही."

"मोजा," ती म्हणाली. "दुकान बंद करून बसलात. त्यांचीही एकदम बंद झाली असेल." आणि फोन ठेवला.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, इरा. शटर ओढताना मला वाटलं होतं मी काहीतरी बरं करतो आहे.

तेव्हापासून फिरतो आहे. नावं कुठे लिहिलेली नव्हती, चेहरे आठवून काढतो. बिजौलीच्या कारखान्यांतले गुडघेदुखीवाले, तिथल्या एकाने माझी कॉलर धरली. त्याची आई माझ्याच गोळ्या घ्यायची, ती एप्रिलमध्येच वारली होती. कशाने ते त्याला माहीत नाही आणि मलाही नाही, पण मी ते विचारलं आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. लोकांनी सोडवलं. बाकीच्यांना मी एक कागद लिहून देतो. हिंदीत, मोठ्या अक्षरात. इन्होंने इतने साल इतनी मात्रा में स्टेरॉइड लिया है, बिना डॉक्टर की सलाह के, मैंने दिया था। अचानक बंद न करें। हड्डी की जाँच ज़रूरी है। खाली नाव, पत्ता, फोन. तो घेऊन सरकारी दवाखान्यात जा म्हणतो. अकरा जणांना दिला. दोघांनी तिथेच फाडला. एकाच्या सोबत मी स्वतः गेलो, ओपीडीतल्या डॉक्टरांनी कागद वाचून माझ्याकडे पाहिलं आणि मग रुग्णाला तपासलं.

काल टहरौलीला गेलो. तिथली रुक्मिणीबाई, सत्तरीच्या, दर महिन्याला बसने माझ्याकडे यायच्या, पाच वर्षं. मला पंडितजी म्हणायच्या. घर शोधत गेलो. त्या ओसरीत उडीद पाखडत होत्या. मला त्या ताठ आठवत होत्या, मटकं डोक्यावर घेऊन चालणाऱ्या. उठल्या तर हनुवटी छातीला लागायच्या बेताला आलेली, पाठीवर कुबड. खालून वर माझ्याकडे बघायला त्यांना मान तिरकी करावी लागली. तरी हसल्या.

"काय पंडितजी, दुकान काय बंद कर दई? गोली लाए हो?"

मी म्हटलं, "नहीं अम्मा। पीठ कब से ऐसी है?"

"हमें का पतो। दो साल से झुकत जा रई। उमर है।" मग म्हणाल्या, गोळीची चिंता नाही, आता ती इथेच नाक्यावर एकजण देतो, तशीच, पांढरी.

सुनेला बोलावलं. दोघींना समोर बसवून सांगितलं. काय दिलं, किती वर्षं दिलं, त्याने पाठ कशी झाली. त्या वाकल्या ते वयाने नाही, मी वाकवलं, असं सांगितलं. सून ऐकत होती, तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. रुक्मिणीबाईंना माझं बोलणं पोचलं की नाही कळलं नाही. त्या मधेच म्हणाल्या, "तुमाई गोली से तो हम पाँच साल चले, भैया। नईं तो खाट पे परे होते।" कागद सुनेने घडी करून पदरात बांधला. उद्याच नेते म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी उठलो. चपला घालत होतो. मागे काहीतरी हललं म्हणून वळलो, तर रुक्मिणीबाई खांबावरचा हात सोडून माझ्या पायांकडे वाकत होत्या. इतक्या लांबून बामन घरी आला, नमस्कार केल्याशिवाय कसा जाऊ द्यायचा.

मी ओरडलो, "अम्मा, झुको मत!" पुढे होऊन त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं. हाताखाली नुसती हाडं होती. त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, "हओ, नईं झुकत। तुम रोत काय हो?"

सून पुढे आली आणि तिने माझे हात त्यांच्या अंगावरून काढले.

बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, पण मी उभाच आलो. उद्या पुन्हा निघायचं आहे, अजून पुष्कळ चेहरे राहिलेत. आईला एवढंच सांग की मोजतो आहे.

बाबा